तीन नंबरचा हिरवा दिवा

१

दिवा हिरवा झाला, कुलूप खट् करून सुटलं आणि मामा आत गेले. जाता जाता मागे बघून म्हणाले, "आज मशीन खुशीत दिसतंय. लवकर पावलं."

बाहेर उभे असलेले सगळे हसले. सफरचंदांची खोली उघडायचा दिवस म्हणजे त्या शीतगृहात आनंदाचा दिवस. महिनोन्महिने झोपवून ठेवलेलं फळ बाहेर यायचं, आणि पहिलं पाऊल मामांचं ठरलेलं. मामा म्हणजे मालकीणबाईंचे सख्खे धाकटे भाऊ. दोन्ही भाच्यांना त्यांनीच हाताला धरून हा धंदा शिकवला होता.

"मामा, वास कसा आहे?" धाकट्या भाच्यानं दारातून विचारलं.

हाक आत गेली. उत्तर आलं नाही.

"मामा?"

धाकट्यानं मान आत घालून पाहिलं. पेट्यांच्या पहिल्याच रांगेला टेकून मामा बसले होते. पाय पुढे पसरलेले, हनुवटी छातीवर, जणू जेवण झाल्यावर डोळा लागला असावा. ना ओरडणं, ना खोकणं. धाकटा आत धावणार तोच त्याच्या बायकोनं मागून त्याची कॉलर धरली आणि असा हिसडा दिला, की तो पाठीवर पडला.

"आत कुणी जायचं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हवा नाहीये आत."

सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं. दिवा हिरवा होता.

तिनं भिंतीवरचा श्वासाचा मुखवटा काढला, नवऱ्याच्या तोंडावर बांधला, पाठीवर हवेचं नळकांडं अडकवलं आणि मगच त्याला आत सोडलं. त्यानं मामांना काखेत धरून ओढत बाहेर आणलं. थोरला भाचा, ज्याला सगळे दादा म्हणत, ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायला फाटकाकडे पळाला होता. ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या, बराच वेळ मामांच्या छातीवर दाब देत राहिल्या, मग थांबल्या आणि आपले हातमोजे काढू लागल्या.

हातमोजे काढताना पाहिलं आणि मालकीणबाई मटकन खाली बसल्या. डोळ्यांत टिपूस नाही. भावाचा निसटलेला एक बूट तेवढा त्यांनी उचलून मांडीवर घेतला.

तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "दिवा तर हिरवा होता. मग आत हवा नाही हे हिला कसं कळलं?"

आणि सगळ्यांच्या नजरा धाकट्या सुनेकडे वळल्या.

२

आता हे शीतगृह कसं चालतं ते थोडं समजून घ्यायला हवं. फळ तोडलं तरी ते जिवंत असतं, श्वास घेत असतं. त्याला टिकवायचं तर त्याचा श्वास मंद करायचा. म्हणून खोली गच्च बंद करायची, गार करायची, आणि आतला ऑक्सिजन काढून त्याच्या जागी नायट्रोजन भरायचा. फळ झोपी जातं. पण माणूस आत गेला तर दोन श्वासांत खाली बसतो आणि त्याला कळतसुद्धा नाही. देवानं हवेला रंग दिला नाही, वास दिला नाही. म्हणून तर ती फसवते.

त्यासाठीच खोली उघडायच्या दिवशी मोठे पंखे लावून ताजी हवा आत ढकलतात. पूर्वी मामा हातातलं मीटर दाराजवळच्या छोट्या झडपेतून आत धरून बघत. गेल्या हंगामात धाकट्या सुनेनं, जी शिकलेली इंजिनियर होती, प्रत्येक दाराला कुलूप आणि दिवा बसवला. पंखे लागले की आतल्या सेन्सरचा आकडा बघितला जातो, हवा चांगली झाली की दिवा हिरवा होतो, कुलूप आपोआप सुटतं. मामा तिला चिडवत, "तुझ्या मशीनला नाक कुठंय गं?" ती म्हणे, "तुमच्यापेक्षा तिखट आहे, मामा." एकदा मात्र सगळ्यांसमोर दोघांचं चांगलंच वाजलं होतं. माणसाच्या जिवाची किल्ली इंटरनेटला द्यायची नाही, असं मामा म्हणाले होते. ती हट्टाला पेटली होती.

तपासाला आलेल्या फौजदाराच्या कानावर हे भांडण गेलं, आणि त्यानं इंटरनेटवर साठलेले आकडे मागवले. त्यातून जे निघालं, त्यानं सगळे हबकले. पंखे सुरू व्हायच्या कितीतरी आधीच तीन नंबरच्या खोलीतला ऑक्सिजन एका क्षणात वर उडी मारून चांगला झाला होता. बंद खोलीत, पंख्याशिवाय.

"म्हणजे आकडा कुणीतरी इंटरनेटवरून बदलला," फौजदार म्हणाला. "आणि आकडे बदलायची चावी एकट्या धाकट्या सुनेकडेच आहे."

तिचा लॅपटॉप जप्त झाला. दादानं तिला ऑफिसात पाऊल टाकायला बंदी केली. कामगार तिच्या वाटेतून बाजूला होऊ लागले. आणि सासूबाई, ज्या तिला पोर म्हणून हाक मारत, त्या तिच्याशी एक शब्द बोलेनात. उद्या अटक, असं फौजदार सांगून गेला.

त्याच सकाळी फाटकाशी एक उंच, पिकल्या केसांची बाई उतरली. कारखान्यांतल्या अपघातांची ती सरकारी तपासनीस. त्याआधी आयुष्यभर जहाजांवर बिनतारी संदेश घेण्याचं काम केलेलं, म्हणून खात्यात सगळे तिला बिनतारीबाई म्हणत. तिनं आकडे वाचले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"फौजदारसाहेब," ती म्हणाली, "मला हा आकडा खोटा वाटत नाही."

"खोटा नाही? अहो, माणूस मेला ना त्या हवेत."

"तेच तर," बिनतारीबाई म्हणाली. "आकडा खरा आणि माणूसही मेला. हेच मला भयंकर वाटतंय."

३

धाकटी सून प्रतवारीच्या दालनात, फळं निवडायच्या बंद पडलेल्या पट्ट्यावर बसली होती. मामा गेल्यापासून तिनं केस विंचरले नव्हते.

"बसू का शेजारी?" बिनतारीबाईनं विचारलं. "मला हे नवं काही कळत नाही. आमच्या वेळी नुसती संदेशांची टकटक होती. समजावून सांग."

"सगळ्यांना वाटतं मी मारलं. मामा ना ओरडले, ना खोकले, नुसते बसले, तो नायट्रोजनच, हे बघून कळलं मला."

"मला काय वाटतं ते मला अजून ठाऊक नाही. सेन्सरचं सांग."

बोलायला काहीतरी ओळखीचं मिळालं म्हणून असेल, पण तिचा आवाज हळूहळू जागेवर आला. "लग्न होऊन आले तेव्हा इथे नुसतं सेन्सरचं जाळं होतं. खोल्यांत, धक्क्यावर, आवारात एकेक डबी, हवा आणि गारवा मोजणारी, बिनवायरची, बॅटरीवर चालणारी. भिंती जाड, त्यामुळे एका डबीचा आवाज लांब पोचत नाही. म्हणून ती शेजारच्या डबीला सांगते, ती पुढच्या डबीला. असं करत करत निरोप इथवर येतो." तिनं छताखालच्या राखाडी पेटीकडे बोट केलं. "या पेटीपाशी. मामा पेटीचा पडदा बघायचे आणि काय करायचं ते स्वतः ठरवायचे."

"म्हणजे जाळं नुसतं बघायचं."

"नुसतं बघायचं. करायचं काही नाही. मग मी पेटी इंटरनेटला जोडली. तिथे नियम लिहिला की आकडा असा आला तर कुलूप सोड, तसा आला तर पंखा लाव. घरी बसून फोनवर सगळं दिसायला लागलं. इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणतात ते हेच, बाई. जाळं म्हणजे डोळे. मी त्या डोळ्यांना दूरचं डोकं आणि हात जोडून दिले." ती थांबली. "डोळ्यांनी चूक बघितली तर पूर्वी मामा हसून सोडून द्यायचे. हातानं चूक केली तर..."

तिनं पट्ट्यावरचं एक सुकलेलं पान उचलून बाजूला टाकलं.

बिनतारीबाई तिच्याकडे वळली. "मला एवढंच सांग. डबीला आपण कोणत्या खोलीत आहोत हे कळतं?"

"नाही. तिला फक्त तिचा नंबर माहीत असतो. खोली आमच्या डोक्यात असते."

"आणि तिच्या तोंडचा निरोप कुणाकुणाच्या हातून आला, हे इंटरनेटवर दिसतं?"

"नाही. तिकडे फक्त आकडा जातो. निरोप कुणी आणला ते..." बोलता बोलता तिनं वर पाहिलं. "ते पेटीतच राहतं. बाई, पेटी कुणी बघितलीच नाही."

"बघू," बिनतारीबाई म्हणाली. "पण आधी माणसं बघू."

४

पहिली आली ती फळं चाखणारी. रोज झडपेतून हात घालून एक फळ काढायचं, कापायचं, चाखायचं, हे तिचं काम. जिभेला धार होती, फळ चाखायलाही आणि माणसं सोलायलाही.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा," ती बसण्याआधीच म्हणाली. "झडप मीच रोज उघडते. हात एवढा आत जातो." तिनं खांद्यापर्यंत खूण केली. "डोकं जात नाही, हे देवाचे उपकार."

"सेन्सर झडपेपासून किती लांब असतो?"

"लांब कुठला? आतल्या बाजूला हुकाला टांगलेला. फळ काढताना कोपर लागतं माझं."

"त्या दिवशी लागलं?"

चाखणारीनं आपल्या कोपराकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, "नाही लागलं. आत्ता तुम्ही विचारलंत म्हणून... नाही लागलं. आणि झडपेची कडी सैल होती. मला वाटलं रात्री मीच नीट लावली नसेल. म्हणून बोलले नाही कुणाला."

"सकाळी आणखी काय घडलं?"

"काही नाही. दादा खूष होते. मला म्हणाले, पाच नंबर मस्त गार झालीय, संध्याकाळी नवा माल भरू. मामा म्हणाले, आधी तीनची बाळं उठू देत." ती थांबली आणि पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. "बाळं म्हणायचे फळांना. मला म्हणायचे, कापताना सॉरी म्हणत जा त्यांना. म्हणायचे मी, कधीमधी."

नंतर धाकटा आला. त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती.

"फोनवर तुम्हाला काही दिसलं नाही? पंख्याआधीच आकडा वर गेला होता."

"उघडायच्या दिवशी मी सूचना बंद करून ठेवतो. हवा वाढली की फळाची काळजी म्हणून फोन सारखा किणकिणतो, त्या दिवशी तर हवा वाढणारच असते." त्यानं हातांची बोटं एकमेकांत गुंफली. "मी बघायला हवं होतं."

"पाच नंबरची खोली फोनवर दिसते?"

"आठवडाभर नाही. तिच्या सेन्सरची बॅटरी गेलीय. खोली रिकामीच आहे, म्हणून घाई नव्हती. नवीन मागवलाय, तो अजून आला नाही."

"बायकोनं हे केलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

त्यानं फोन मांडीवर उलटा ठेवला. "काल मी तिला विचारलं, तुझं काही चुकलं का. तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नाहीये."

"तुम्ही विचारलंत म्हणून, की विश्वास नव्हता म्हणून?"

"दोन्ही एकच झालं ना, बाई."

शेवटी दादा. रुंद छातीचा, दाढी वाढलेला माणूस. खुर्चीवर बसला तो एखाद्या लांबच्या प्रवासाहून आल्यासारखा.

"त्या मशीननं मामाला खाल्लं," तो म्हणाला. "मी आधीपासून म्हणत होतो. मी त्याला हातसुद्धा लावत नाही."

"मामांना बाहेर काढलं तेव्हा तुम्ही इथे नव्हता."

"मी फाटकावर. ॲम्ब्युलन्सवाल्यांना आत यायची वाट कळत नाही, मागच्या वेळी चुकले होते. वजनकाट्याशी उभा राहून हात करत होतो. बाकी सगळे इथेच होते, कुणालाही विचारा."

"विचारलं. सगळे तेच सांगतात, फाटकावर तुम्ही एकटेच होता." बिनतारीबाईनं मान डोलावली. "पाच नंबर गार झाली हे कशावरून कळलं तुम्हाला?"

दादानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "दार उघडून. गारवा कळतो की अंगाला."

"कळतो," ती म्हणाली. "कळतो खरा."

५

दुपारी बिनतारीबाईनं एक विचित्र गोष्ट केली. तीन नंबरची झडप उघडून तिनं आतली डबी हुकावरून काढली. साबणाच्या वडीएवढी, पाठीवर रंगानं ३ लिहिलेली. ती तिनं पिशवीत टाकली आणि धाकट्याला म्हणाली, "तुमचा फोन घ्या आणि माझ्याबरोबर चला."

दोघं दालनातून, माल उतरवायच्या धक्क्यावरून, आवारातून चालत गेली. फाटकाबाहेर झाडाखाली एक बाकडं होतं. बिनतारीबाई तिथे बसली, डबी काढून शेजारी ठेवली. वर उघडं आभाळ, समोरून सायकली जात होत्या, बाकड्याखाली एक कुत्रं निजलेलं.

"आता फोन बघा," ती म्हणाली. "काय लिहिलंय?"

धाकट्यानं पाहिलं. पुन्हा पाहिलं. फोनवर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: खोली तीन, हवा उत्तम.

त्यानं डबीकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, दूरच्या इमारतीकडे पाहिलं.

"काहीच खोटं बोलत नाहीये ती बिचारी," बिनतारीबाई म्हणाली. "हवा खरोखर उत्तम आहे. फक्त खोली तीन इथे येऊन बसलीय."

"म्हणजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी तीन नंबरची डबी तीन नंबरमध्ये नव्हती. इंटरनेटवरून कुणी काही बदललं नाही. कुणीतरी झडपेतून हात घातला आणि एक डबी उचलली. बस्स. एवढंच."

"पण कुठे नेली? फोनवर तर गारवाही बरोबर दिसत होता. बाहेर नेली असती तर ऊन लागलं असतं."

"म्हणूनच ती गार आणि मोकळ्या हवेच्या जागी होती. अशी जागा तुमच्याकडे एकच आहे, आणि तिच्या डबीची बॅटरी गेलेली आहे."

धाकटा बाकड्यावर बसला. "पाच," तो म्हणाला.

"चला," बिनतारीबाई उठली. "तुमच्या बायकोला पेटी उघडू दे. मी माझा लॅपटॉप आणलाय. आपण आत्ता चालत आलो ना, ती वाटसुद्धा त्या पेटीत उमटली असेल. आणि त्या दिवशीचीही."

६

प्रतवारीच्या दालनात सगळ्यांना बोलावलं. फौजदार भिंतीला टेकून उभा राहिला. मालकीणबाईंना खुर्ची दिली. धाकटी सून शिडीवरून उतरली, पेटीची वायर लॅपटॉपला जोडली आणि पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं हळूच लॅपटॉप बिनतारीबाईकडे वळवला आणि स्वतः दूर जाऊन उभी राहिली.

"जहाजावर असताना," बिनतारीबाई म्हणाली, "निरोप काय आहे याच्याइतकंच तो कुणाच्या हातून आला याला महत्त्व असायचं. समुद्र मोठा, आवाज लहान. लांबचं जहाज मधल्या जहाजाला सांगायचं, मधलं आम्हाला. मधलं जहाज बदललं की समजायचं, लांबचं जहाज हललंय. हे सेन्सरचं जाळं तसंच आहे. प्रत्येक डबी आपला निरोप सगळ्यात जवळच्या डबीकडे देते. जागा बदलली की शेजार बदलतो. इंटरनेटला नुसता निरोप पोचतो, निरोप्या पोचत नाही. निरोप्या या पेटीत राहतो."

तिनं चष्मा सारखा केला.

"हंगामभर तीनची डबी दोन नंबरच्या डबीला निरोप देत होती. भिंतीला भिंत, शेजारीण. त्या सकाळी ती एकदम धक्क्यावरच्या डबीशी बोलायला लागली. धक्क्याला लागून खोली आहे पाच. म्हणजे डबी पाचमध्ये गेली. तिथे ती मोकळी, गार हवा मोजत राहिली, आणि इंटरनेटचं डोकं समजत राहिलं की ही तीनची हवा. इकडे पंखे लागले. डोक्यानं आकडा पाहिला, चांगला आहे, आणि हाताला सांगितलं, सोड कुलूप. म्हणून दिवा लवकर हिरवा झाला. मामा म्हणाले ना, मशीन खुशीत आहे म्हणून."

मालकीणबाईंनी डोळे मिटले.

"पण मग डबी परत तीनमध्ये कशी?" चाखणारीनं विचारलं. "तुम्ही तर आज तिथूनच काढलीत."

"हाच प्रश्न मला झोपू देईना. उचलणं ही चूक असू शकते. परत ठेवणं ही चूक नसते." बिनतारीबाईचा आवाज खाली आला. "मामा पडल्यावर कुणाला तरी कळलं, काय झालंय ते. तो माणूस धावत पाचमध्ये गेला, डबी काढली, खिशात टाकली. नंतर गडबडीत झडपेतून हुकाला अडकवली. पण मधल्या वेळात डबी खिशात होती. आणि डबी गप्प बसत नाही. जिथे जाईल तिथे शेजार शोधते."

तिनं लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

"ती धक्क्याशी बोलली. मग दालनाशी. मग बराच वेळ ती अशा एका डबीशी बोलली, जी या इमारतीत नाहीच. आवारात बाहेरची गरमी मोजायला लावलेली डबी. वजनकाट्यावरची. फाटकावरची." ती थांबली. "तिथे त्या वेळी एकच माणूस उभा होता."

कुणी दादाकडे पाहिलं नाही. सगळे जमिनीकडे पाहत होते, आणि तेच जास्त भयानक होतं. पहिल्यांदा मालकीणबाईंनी डोळे उघडले आणि आपल्या थोरल्या मुलाकडे पाहिलं.

दादानं नाकारलं नाही. त्याच्यातलं काहीतरी आधीच मोडून पडलं होतं, फक्त आवाज आत्ता झाला.

"पाचचा गारवा बघायला दुसरा सेन्सर नव्हता," तो म्हणाला. "नेहमीच करायचो आम्ही. एका खोलीचा बंद पडला की दुसरीचा लावायचा. मामासुद्धा लावायचे. मला वाटलं, तीन तर आज उघडायचीच आहे. तिला आता कशाला हवाय." त्यानं तळहात पुढे केले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला, जणू ते परके होते. "पूर्वी काही व्हायचं नाही त्यानं."

"पूर्वी डोळे होते नुसते," धाकटी सून हळू म्हणाली. "कुलूप त्याच्यावर चालतं हे मी तुम्हाला सांगितलं होतं, दादा. पण डबी हलवू नका हे नव्हतं सांगितलं. माझ्या मनातच आलं नाही, कुणी हलवेल."

"माझ्या मनात आलं नाही, कुलूप सुटेल."

फौजदारानं घसा साफ केला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलणार होतो. फाटकावर उभा होतो तेव्हा ठरवलं होतं, डॉक्टर आले की सांगायचं. मग परत आलो तर आई त्यांचा बूट मांडीवर घेऊन बसली होती." दादा अजून तळहातांकडेच बघत होता. "माझ्या हातानं गेला तिचा भाऊ, हे तिला सांगवेना. म्हटलं, मशीनवर जाऊ दे. मशीनला काय दुखायचंय."

"मशीन कुणीतरी बनवलेलं असतं रे," मालकीणबाई म्हणाल्या.

मामा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

"आई..."

"तू हलवलंस, ते मी गिळलं असतं. माझा भाऊ, माझा बाळ्यासुद्धा हलवायचा, तू म्हणतोस तर हलवत असेल. पण ही पोर तीन दिवस त्या पट्ट्यावर बसून होती. येता-जाता तू तिला बघत होतास. आणि जेवत होतास."

दादा खाली बसला. त्याला आधार द्यायला कुणी पुढे झालं नाही. जरा वेळानं धाकटा गेला, त्याच्या शेजारी जमिनीवर टेकला.

७

फौजदारानं दादाला बरोबर नेलं. तो स्वतःच गाडीत चढला. जाताना त्यानं धाकट्या सुनेकडे पाहिलं, हात जोडले. तिनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तीन नंबरचं सील निघालं. आत पेट्या तशाच उभ्या होत्या, फळं जागी होऊन भराभर श्वास घेत होती. आणखी थोडा उशीर झाला तर सगळी फेकावी लागणार होती. दिवा हिरवा होता. सुनेनं सकाळीच डबी तिच्या हुकाला स्क्रूनं पक्की बसवून टाकली होती. कुलपाचा नियमही बदलला होता. आता एका डबीच्या शब्दावर कुलूप सुटत नव्हतं, दोन डब्यांचं म्हणणं जुळावं लागत होतं आणि वर माणसाला स्वतः बटण दाबावं लागत होतं.

पण दाराबाहेर कामगार नुसते उभे होते. कुणी म्हणत होतं बूट बदलून येतो, कुणी म्हणत होतं हातगाडीचं चाक बघतो. चाखणारीसुद्धा झडपेपासून चार हात लांब उभी राहिली.

"दिवा हिरवा आहे," धाकटा म्हणाला. त्याच्या स्वतःच्याच कानांना ते विचित्र लागलं असावं. बायकोकडे पाहून म्हणाला, "मी जातो."

"थांब."

ती जुनं हातातलं मीटर घेऊन, तोंडावर मुखवटा बांधून एकटी आत गेली. पार मागच्या भिंतीपर्यंत. पेट्यांच्या मागे, कोपऱ्यांत, जमिनीलगत मोजत मोजत परत आली. मुखवटा काढला. चेहऱ्यावर त्याच्या कडांचे वळ उठले होते. ती काही बोलणार, तोच गर्दी बाजूला झाली.

मालकीणबाई काठी टेकत येत होत्या. दारापर्यंत आल्या, दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हवा आहे का आत?"

"आहे, आई."

"तो दिवा म्हणतो म्हणून?"

"नाही. मी मोजून आले. मी म्हणते."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काठी धाकट्याच्या हातात दिली, सुनेचा दंड धरला, आणि उंबऱ्यावरून पाय उचलून आत टाकला.

आतून फळांचा गोड, जड वास आला. पेट्यांच्या पहिल्या रांगेपाशी त्या थांबल्या. तिथे भाऊ बसला होता. त्यांनी छाती भरून एक श्वास घेतला आणि सोडला. मग दुसरा घेतला.

"या रे," त्या बाहेर बघून म्हणाल्या. "पोर म्हणते ते खरं आहे."